विश्लेषण : पारा ४५ वर आणि रुग्ण मानसोपचाराच्या गोळ्यांवर, धोका कुठे, परिचारिकांनी काय पाहायचे?

अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवीन नाही. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा वेळी लहान मुले, वृद्ध आणि शेतमजुरांच्या काळजीबद्दल बोलले जाते. मात्र मानसोपचाराची औषधे नियमित घेणारे रुग्ण या यादीत सहसा नसतात. यातील काही औषधांमुळे घाम कमी येतो, तर काहींचे रक्तातील प्रमाण शरीरातील पाणी घटताच वाढते. हा बदल सर्वात आधी टिपू शकते ती उपकेंद्रातील किंवा वॉर्डातील परिचारिका.

हा प्रश्न वऱ्हाडासाठी महत्त्वाचा का?

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. त्याआधी विदर्भातील गावांमध्ये ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवण्यात आला होता. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्या गावांत दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले.

थोडक्यात, उपचार गावापर्यंत पोहोचू लागले आहेत. पण मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रुग्णाची भेट महिन्यातून एकदा, अशी स्थिती असते. मधल्या काळात रुग्ण दिसतो तो परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा सेविकांना. औषध सुरू करणे किंवा मात्रा बदलणे हे त्यांचे काम नाही. धोक्याचे लक्षण ओळखून वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे मात्र त्यांच्याच हातात असते.

उन्हात ही औषधे नेमके काय करतात?

शरीर घामावाटे थंड होते आणि या यंत्रणेचे नियंत्रण मेंदूतून होते. स्किझोफ्रेनियासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिनसारख्या औषधांचा या नियंत्रणावर परिणाम होऊ शकतो. हातपाय थरथरणे किंवा कडक होणे टाळण्यासाठी सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते. ही गोळी घामच कमी करते. दोन्ही एकत्र घेणारा रुग्ण भर दुपारी शेतात असेल, तर धोका वाढतो. त्यातच आजारामुळे काही रुग्णांना तहानेची जाणीव कमी असते किंवा ते उन्हातही जाड कपडे घालून फिरतात.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ६१९ मृत्यू झाले. त्यांच्या अभ्यासात दीर्घ आजारांपैकी मृत्यूशी सर्वाधिक संबंध स्किझोफ्रेनियाचा आढळला.

लिथियमबाबत वेगळी काळजी का?

बायपोलर आजारावर लिथियम प्रभावी आहे, पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी आहे. रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवली जाते, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. घाम, उलटी किंवा जुलाबाने शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते. गोळ्या तेवढ्याच असतात, पण पातळी चढत जाते.

दुसरा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळीचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकमुळे लिथियमची पातळी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही असेच होते. म्हणून ‘आणखी कोणती गोळी घेता?’ हा प्रश्न दर भेटीत विचारायलाच हवा. ‘रक्तदाब आहे’ म्हणून रुग्णाने स्वतःहून मीठ एकदम बंद करणेही घातक ठरू शकते.

हाताला हलकी थरथर अनेकांना असते. पण थरथर वाढणे, जुलाब-उलट्या, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी पुढची गोळी देऊ नये, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. नियमित तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतले जाते. सकाळची गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचे रक्त लगेच घेतल्यास आकडा फसवा येतो.

उष्माघात की औषधाचा दुष्परिणाम?

दोन्हींत ताप आणि बरळणे असते, त्यामुळे गल्लत होते. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि रुग्ण बहुधा उन्हातून आलेला असतो. घाम कमी करणारे औषध सुरू असेल तर त्वचा गरम आणि कोरडी लागते, स्नायू बहुधा सैल असतात. याउलट ‘न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम’ या दुर्मिळ पण जीवघेण्या दुष्परिणामात शरीर नळीसारखे ताठ होते, घाम सुटतो, नाडी आणि रक्तदाब वर-खाली होतात. औषध नुकतेच सुरू केले किंवा वाढवले असेल तर ही शंका आधी घ्यावी.

शंका कोणतीही असो, दोन्ही आणीबाणीच आहेत. रुग्णाला सावलीत आणून अंग पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. उष्माघातात पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही. त्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

आणखी एक लक्षण म्हणजे मान एका बाजूला वळणे, डोळे वर चढणे, जबडा आवळला जाणे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत असे होऊ शकते. घरचे याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे धाव घेतात. प्रत्यक्षात डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेल्या इंजेक्शनने रुग्ण बहुतेकदा तासाभरात मोकळा होतो.

उन्हाळ्यापलीकडे कशावर लक्ष हवे?

• क्लोझापिन : पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी केली जाते. ताप किंवा घसा दुखत असेल तर नुसती तापाची गोळी न देता पेशींची तपासणी करावी. बद्धकोष्ठतेकडेही दुर्लक्ष नको.

• ओलान्झापिन : वजन, कंबरेचा घेर आणि साखर वाढते. सुरुवातीची नोंद नसेल तर वाढ कळणार कशी?

• व्हॅल्प्रोएट : गर्भातील बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा. मूल होण्याच्या वयातील महिलेला हे औषध सुरू असल्यास डॉक्टरांच्या निदर्शनास आणावे.

• कार्बामाझेपिन : अंगावर पुरळ आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

• अल्प्राझोलाम : सवय लागते. हे औषध ‘एच-१’ यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

मग गोळ्या बंद कराव्यात का?

नाही. दुष्परिणामांच्या भीतीने औषध अचानक सोडल्यास आजार उलटतो, काहींमध्ये आत्महत्येचा धोका वाढतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच होते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण नेमक्या त्याच काळात गोळ्या सोडतो. २५ वर्षांखालील रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावे लागते.

ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्यास जिवावर बेततात. घरात कुणाच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तर गोळ्या कमी दिवसांच्या द्याव्यात आणि त्या नातेवाइकाच्या ताब्यात ठेवाव्यात. फवारणीच्या औषधांनाही हाच नियम लागू आहे.

नोंद कुठे करायची?

देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. डॉक्टरच नव्हे, तर परिचारिका, औषधविक्रेते आणि रुग्णही तिथे माहिती देऊ शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. खात्री नसली, नुसता संशय असला तरी नोंद करता येते.

मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे. पारा चढण्याआधी आपल्या भागात लिथियम, क्लोझापिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल कोण घेते याची यादी उपकेंद्रात तयार असली, तर उन्हाच्या लाटेत आधी कुणाच्या घरी जायचे हा प्रश्न उरत नाही.