क्षयरोग : दडवलेले दुखणे आणि पुरा करावयाचा उपचार



स्मरणिकेच्या पृष्ठांत आपण बहुधा बाजारपेठेच्या स्थितीचा, करांचा आणि संघाच्या वर्षभरातील कार्याचा परामर्श घेत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुकानाच्या मागील माजघरातला आहे. आपल्या घरांतून ज्या दुखण्याचे नाव अद्यापही हलक्या आवाजात घेतले जाते, त्या छातीच्या जुनाट विकाराविषयी, म्हणजे प्रामुख्याने क्षयरोगाविषयी, चार गोष्टी स्पष्ट शब्दांत मांडाव्यात असा मानस आहे. त्या मांडण्याचा अधिकार मला वैद्यकीय ज्ञानाने प्राप्त झालेला नाही. तो घरातील अनुभवाने झाला आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, यांचे सारे आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेले. वखारीत खोकणाऱ्याला कोणी नवल मानीत नाही. तंबाखू चाळताना उठणारी धूळ नाकातोंडात जाते, घसा खवखवतो, गूळ-पाणी घेतले की काम पुन्हा सुरू होते. त्यामुळे २०१७ साली अण्णांचा खोकला महिना-दीड महिना राहिला, सायंकाळी अंगात कणकण येऊ लागली आणि सदरा अंगावर सैल झाला, तरी 'धुळीचा खोकला' एवढ्यावरच सर्वांनी समाधान मानले. अखेर बेडक्याची तपासणी झाली व क्षय निघाला. त्या वेळी घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. ही वार्ता उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असे ठरले.

औषध सुरू झाले आणि दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले. तिसऱ्या महिन्यात पाहुणे घरी येणार म्हणून गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या तळाशी गेली, ती पुन्हा वर आलीच नाहीत. लग्न थाटात पार पडले. २०१९ मध्ये रोग परतला, आणि या वेळी नेहमीच्या प्रमुख औषधांना तो जुमानीना. सहा महिन्यांत आटोपले असते त्या कामाला वीस महिने लागले. त्यातच २०२० ची साथ आली व खोकणाऱ्या मनुष्याकडे जग दुप्पट भयाने पाहू लागले. अण्णा आज बरे आहेत; परंतु उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग जो निकामी झाला, तो झालाच. देण्याचे तीन हप्ते चुकते करून उरलेले बुडवले, तर सावकार गप्प बसत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगावयास नको. या रोगाचा हिशेबही तसाच आहे.

औषध नव्हते तो काळ

आपल्या प्रांताला या रोगाची ओळख जुनी आहे. निपाणीपासून चाळीस-एक किलोमीटरांवरील कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन करून त्या परतल्या, परंतु त्या जागेचा भार त्यांना स्वीकारताच आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला होता. म्हणजे शत्रू कोण हे ठाऊक झाले होते. त्याच्यावर चालवावयाचे शस्त्र मात्र साठ वर्षे कोणाच्याच हाती नव्हते.

त्या मधल्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचार होता. १८८९ साली या देशात आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, आणि त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत पुढे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणीही अशी आरोग्यधामे होती. तेथे रुग्ण महिनोन् महिने पडून राहत. काहींच्या छातीत हवा भरून फुप्फुस मिटवले जाई. काहींच्या बरगड्या काढाव्या लागत. घरच्यांनी पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात या रोगाची जी धास्ती बसली, ती या काळातली आहे. ती खोटी नव्हती. परंतु तिचे कारण आता उरलेले नाही.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त व गुणकारी औषध हाती आले. १९६० नंतरच्या दशकात रिफाम्पिसिनची भर पडली आणि उपचाराचा कालावधी पुढे सहा महिन्यांवर येऊ शकला.

मद्रासचा प्रयोग

भाषावार प्रांतरचनेत बेळगाव जिल्हा ज्या १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, त्याच वर्षी मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. १९३ गरीब रुग्ण घेण्यात आले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले. निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. घरच्या रुग्णांना आहार निकृष्ट होता व विश्रांती कमी होती. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकजगत चकित झाले. दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते. इतकेच नव्हे, तर रुग्ण घरी राहिल्यामुळे कुटुंबीयांत रोग अधिक पसरला, असेही आढळले नाही. नियमित औषध हेच निर्णायक ठरले.

ज्या गोष्टीची शहानिशा आपल्याच देशात इतक्या वर्षांपूर्वी झाली, तिच्या विपरीत वर्तन आपण आजही करतो. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी काढतो, सुनेला माहेरी पाठवतो, नातवंडांना आजोबांच्या खोलीत जाऊ देत नाही. हा रोग भांड्याने किंवा वस्त्राने पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य उपचाराविना खोकतो, तेव्हा हवेतून जंतू जातात. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारणतः दोनेक आठवड्यांत हा धोका झपाट्याने ओसरतो. तोवर तोंडावर कापड आणि उघड्या खिडक्या हीच खरी काळजी होय. हा रोग आनुवंशिकही नाही; बऱ्या झालेल्या पित्याच्या कन्येचे स्थळ नाकारण्यास कोणताच आधार नाही.

आजचे उपाय

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, रात्रीचा घाम, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करावी. केवळ क्ष-किरण चित्रावर निदान उरकू नये. बेडका तपासून घ्यावा. जंतूचे अस्तित्व आणि रिफाम्पिसिनला त्याचा प्रतिकार ही दोन्ही काही तासांत सांगणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. त्यांतील 'ट्रूनॅट' हे तर गोव्यातील कंपनीचे असून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली.

साधा क्षय असेल तर सहा महिने रोज औषध घ्यावे लागते : पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. रिफाम्पिसिनने लघवी तांबूस-केशरी होते, तिला भिऊ नये. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा दृष्टी मंदावली, तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे जावे. स्वतःच्या मताने गोळ्या बंद करू नयेत. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठीही चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्य केला. अण्णांना तो मिळाला असता तर त्यांचे चौदा महिने वाचले असते. अडुळसा, हळद-दूध यांनी घशाला आराम पडेल. त्यांनी क्षयजंतू मरत नाहीत.

औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. खासगी डॉक्टरांनीही रुग्णाची नोंद शासनाकडे करावी, असा नियम २०१२ पासून आहे. पुष्कळ सभासद या नोंदीला भितात. ही नोंद फळ्यावर लावली जात नाही. ती औषधात खंड पडू नये म्हणून असते. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना तिचा विशेष उपयोग आहे. निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर वा मिरज जवळ आणि बेळगाव दूर; तपासणी एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, असे वारंवार घडते. नोंदीचा क्रमांक जवळ असला की कोगनोळीचा नाका ओलांडल्यावरही उपचार पुढे चालू ठेवता येतो.

प्रत्येक जुनाट खोकला क्षय नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. क्षयजंतूंचे काही दूरचे आप्त माती व पाण्यात राहतात. ते फुप्फुसात, विशेषतः पूर्वी इजा पोचलेल्या फुप्फुसात, ठाण मांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्षयजंतूंसारखेच दिसतात, म्हणून रुग्णाला क्षयाचे औषध मिळते आणि गुण येत नाही. अशा वेळी बेडक्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांची जात ओळखून घ्यावी. हा विकार सहसा एकापासून दुसऱ्यास होत नाही. परंतु त्याचा उपचार दीर्घ असतो. बेडका निर्जंतुक झाल्यानंतरही सामान्यतः बारा महिने औषध चालू ठेवावे लागते. क्षयाने पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशी वाढल्यानेही खोकल्यातून रक्त पडू शकते.

शिवाय रोग गेला तरी व्रण राहतात. अण्णांच्या श्वासनलिका एका जागी कायमच्या रुंदावल्या आहेत व तेथे कफ साठतो. ते रोज सकाळी पंधरा मिनिटे दीर्घ श्वसन करून, ठरावीक बाजूवर निजून कफ काढतात, सायंकाळी चालतात आणि दरवर्षी फ्लूची लस घेतात. कफाचा रंग बदलला की वाट न पाहता डॉक्टरांकडे जातात. बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे; उरलेल्या भांडवलावर नेटाने संसार चालवणे होय, असे ते म्हणतात.

आहार आणि व्रत

मंगळूर येथील येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडात केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा जादा धान्य व डाळ दिल्याने त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ, डाळ, तेल, दूध-भुकटी, म्हणजे आपल्या पेठेतलाच माल! शाकाहारी रुग्णाने डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध-दही यांत कसूर करू नये आणि दरमहा वजन करावे. मधुमेह असणाऱ्यास क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो. गादीवर बसून व्यवसाय करणाऱ्या आपण मंडळींनी रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

औषध दिवसातून एकदा, बहुधा सकाळी घ्यावयाचे असल्याने सूर्यास्तानंतर आहार न घेण्याच्या नियमाला त्याची आडकाठी नाही. प्रश्न येतो तो उपवासांचा. पर्युषणात गोळ्या दहा दिवस बाजूला ठेवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. षोडशकारण भावनांत 'शक्तितस्तप' सांगितले आहे. तप शक्तीनुसार करावयाचे आहे. रोगाने शक्ती हरण केली असता सहा महिन्यांची औषधे न चुकता घेणे हाही संयमच होय. शंका असल्यास त्यागी-मुनींना विचारावे, परंतु पाकीट कपाटात ठेवण्यापूर्वी विचारावे.

आपले कर्तव्य

त्याच सोळा भावनांत वैयावृत्त्याचा, म्हणजे आजाऱ्याच्या सेवेचा, समावेश आहे. ती सेवा घरापुरती राहू नये. ज्या वखारींवर आपले संसार उभे राहिले, तेथे चाळणीपाशी बसणाऱ्या स्त्रिया आपल्याहून कितीतरी अधिक धूळ गिळतात. त्यांच्या खोकल्यालाही 'धुळीचा' म्हणून आपण मोकळे होतो. धूळ बाहेर ओढणारे पंखे, तोंडावर बांधावयास कापड, वर्षातून एकदा छातीची तपासणी आणि उपचारकाळात नोकरीची व मजुरीची हमी, एवढे प्रत्येक मालकास करता येण्यासारखे आहे. विडी-सिगारेटने क्षयाचा धोका सुमारे दुप्पट होतो, हेही तंबाखूच्या व्यापाऱ्याने प्रांजळपणे मान्य करावे.

शासन २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. २०२२ पासून व्यक्तींना, पेढ्यांना व संघटनांना 'निक्षय मित्र' म्हणून रुग्णांचा आहारभार उचलता येतो. आपल्या संघाने तालुक्यातील काही रुग्ण असे स्वीकारावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

अण्णांच्या कन्येला आपल्या पित्याचे दुखणे लग्नानंतर दोन वर्षांनी कळले. जावई पहिल्या गाडीने आले आणि म्हणाले, "मामा, हे आधी सांगितले असते तर गोळ्यांची आठवण मीच केली असती." ज्या पाहुण्यांपासून आम्ही पाकिटे लपवली, त्यांतलेच ते एक होते. ज्या घरात आज कोणी खोकत असेल, त्या घराने हे वाक्य ध्यानी घ्यावे, एवढीच प्रार्थना.

— एक सभासद