विश्लेषण : नाटकाला पाकीट मिळते, पगार का नाही?

तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून सरावलीच्या खोलीवर परतणाऱ्या एखाद्या तरुणाला मुंबईतल्या प्रायोगिक नाटकात भूमिका मिळाली, तर त्याचा पहिला प्रश्न असतो : तालीम किती वाजता सुटणार? बोईसर ते दादर हे अंतर एका बाजूने नव्वदेक किलोमीटर आहे आणि डहाणू लोकल चुकली की रात्र फलाटावर. ‘पैसे किती?’ हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो विचारणे अशिष्ट समजले जाते.

ना-नफा म्हणजे बिनपगारी का?

अजिबात नाही. बहुतेक हौशी आणि प्रायोगिक नाट्यसंस्था १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदलेल्या असतात. तिथे बंधन एवढेच, की शिल्लक रक्कम सभासदांनी वाटून घ्यायची नाही. काम करणाऱ्याला मोबदला द्यायला मनाई नाही. तरीही प्रयोगानंतर हातात येते ते ‘मानधन’. शब्दात मान आहे. तालमीचे तास मात्र त्यात धरलेले नसतात.

हिशेब कसा बसतो?

समजा, तीन-तीन तासांच्या ४० तालमी झाल्या आणि पाच प्रयोग लागले. प्रत्येक प्रयोगाला नेपथ्य लावणे, रंगभूषा आणि आवराआवर धरून सहा तास. एकूण १५० तास. प्रयोगामागे ५०० रुपये मिळाले तर २,५०० रुपये, म्हणजे तासाला १७ रुपयेही नाहीत. केंद्राने २०१९मध्ये सुचवलेला राष्ट्रीय किमान वेतनस्तर दिवसाला १७८ रुपये होता; आठ तासांनी भागले तर तासाला २२. आकडे उदाहरणादाखल आहेत आणि लोकलचा पास, चहा-वडापाव त्यातून वजा केलेला नाही. प्रकाशयोजना किंवा रंगमंच व्यवस्था सांभाळणाऱ्यांचे तास याहून जास्तच भरतात.

मग इतकी वर्षे हे चालले कसे?

१९७१मध्ये स्थापन झालेली ‘आविष्कार’ दादरच्या छबिलदास शाळेत नाटके करत होती. पुण्यात १९७३मध्ये थिएटर अॅकॅडमी उभी राहिली. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना, मोहन आगाशे, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. बाकी अनेकांच्या मागे बँकेची, सरकारी कार्यालयाची किंवा कारखान्यातली कायम नोकरी होती. प्रायोगिक रंगभूमीला खरे अनुदान त्या महिन्याच्या पगाराचे होते, असे म्हटले तर चूक ठरू नये. आज कारखान्यात कंत्राटी असलेल्या मुलाचा तालमीसाठी बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली हजेरी. त्याच्याकडून तीच जुनी निष्ठा मागणे सोपे आहे, परवडणारे नाही. परिणामी टिकतात ते घरचे बरे असलेले.

कामगारांच्या नाटकासाठी एक व्यवस्था आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेते. त्याच्या निधीसाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून २५ रुपये कापले जातात, मालकाचे ७५. पगारपत्रकावरची ती ओळ अनेकांना ठाऊकही नसते. पण ही स्पर्धा आहे, रोजगार नव्हे; राज्य हौशी नाट्यस्पर्धेचेही तेच.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक उद्योगांपुरते ठेवलेले नाही. अडचण ‘कर्मचारी’ या शब्दाशी येते. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही. मग नाते सिद्ध कशाने करणार? बंगळुरू पाणीपुरवठा प्रकरणात १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ची व्याख्या धर्मादाय संस्थांपर्यंत रुंदावली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक सेवेच्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या. भविष्य निर्वाह निधीसाठी साधारणपणे २० कर्मचारी लागतात. इतके पगारी लोक किती नाट्यसंस्थांकडे असतील?

सरकारी मदत कुणाला?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या रेपर्टरी अनुदानात गुरूला महिना १५,००० आणि १८ वर्षांवरील कलाकाराला १०,००० रुपये धरले आहेत; नाटकासाठी एका संस्थेत जास्तीत जास्त १८ कलाकार. राज्याची मानधन योजना महिन्याला ५,००० रुपये देते, पण पन्नाशी उलटलेल्यांना. पंचविशीतल्या नटाने तोवर काय करायचे, हे कुठल्याच अर्जात लिहिलेले नाही.

पैसे कमी असले तरी तालमीचे दिवस, प्रवासखर्च, रद्द झालेल्या प्रयोगाचे काय आणि अपघात झाला तर खर्च कुणाचा, एवढे एका कागदावर लिहून द्यायला संस्थेला अनुदान लागत नाही.