रिसॉर्टवरचा निकाह आणि कॅमेरा

हल्ली आपल्याकडेही अलिबाग-लोणावळ्याच्या रिसॉर्टवर निकाह ठरू लागले आहेत. निकाहला लागते काय? इजाब-कुबूल, मुलीचा वली, दोन साक्षीदार, महर. बाकी सारी हौस. ती जरूर करा, पण दादीला तिथवरचा प्रवास झेपेल का, हे बुकिंगआधी पाहा.

खरी काळजी फोटोंची. दुल्हनचे फोटो फोटोग्राफर स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकतो आणि घरच्यांना ते पाहुण्यांकडून कळते. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधीच कागदावर लिहून घ्या : लेखी परवानगीशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही. ही परवानगी मुलीला विचारून द्यायची, तिच्या मामूंना नव्हे. बायकांच्या बाजूला बाई फोटोग्राफर ठेवतात, पण पुढे ते फोटो एडिट कोण करणार, हे विचारायचे बहुतेक जण विसरतात. आणि ड्रोनला पडदा कळत नाही. मेहंदीच्या वेळी तो जमिनीवरच राहू द्या.

फोटोवाल्यांना सूर्यास्ताआधीचा मऊ उजेड हवा असतो. डिसेंबरात अलिबागला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे लगेच मगरिब. असर पढून पाचला फोटो सुरू करा, अजानआधी कॅमेरा बंद. वेळापत्रकात ही ओळ आपणच लिहायची; इव्हेंटवाला लिहीत नाही.