जोडीने एकवीस किलोमीटर

आष्टी तालुक्यात पहाटे रस्त्याने कुणी पळताना दिसला, की लोक विचारतात, "कोणत्या भरतीची तयारी?" पळणं म्हणजे नोकरी, हे समीकरण इथे पक्कं आहे. पोलीस भरतीत आज मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. आमच्या वेळी अंतर निराळं होतं, हिशेब मात्र हाच. मी आणि माझा मित्र रोज बरोबर सराव करायचो. यादी लागली तेव्हा त्यात त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं आमचं बोलणं 'काय, बरंय ना' एवढ्यावर आलं. गेल्या वर्षी, निवृत्ती जवळ आली असताना, त्यानेच अर्धमॅरेथॉनचा विषय काढला.

मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं; त्याचं निम्मं २१.०९७५. पण शरीराच्या दृष्टीने ही नुसती निम्मी शर्यत नव्हे. माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी खर्च करतो. माझं वजन ६५ किलो, म्हणजे एकवीस किलोमीटरला सुमारे १३६५ कॅलरी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर अंदाजे दोन हजार कॅलरींची असते. म्हणजे कणगीतलं धान्य अर्ध्याला पुरतं, पूर्णला पुरत नाही. अट एकच, सुरुवातीला उधळपट्टी करायची नाही. वेग वाढला की शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं. हा वेग ओळखायची जुनी खूण म्हणजे बोलणं. पळता पळता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. छोट्या शर्यतीत शेजारचा प्रतिस्पर्धी असतो; इथे तो तुमचा लगाम होतो.

अर्थात हे आमच्यासारख्यांचं झालं. आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत अर्धमॅरेथॉन धावला तो १ तास ३० सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. ६१ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय. सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जाणारा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि मग शर्यतींकडे वळला. त्या दिवशी तो दहावा आला. इथिओपियाचा अमदेवर्क वालेलेन ५८ मिनिटं ५३ सेकंदांत जिंकला आणि पहिले तिघे तीन सेकंदांच्या आत पोचले. इतके जवळजवळ धावणारे एकमेकांना ओढतच नेतात. वाऱ्याचा आडोसा मिळतो हे खरं, पण वेगाचा विचार दुसऱ्यावर सोपवता येतो, हा फायदा मला मोठा वाटतो.

आम्ही निघालो आष्टीहून कड्याच्या दिशेने, साडेदहा किलोमीटरवरून परत फिरायचं ठरवून. अंधारात ऊसतोड मजुरांचे ट्रक चालले होते, भांड्याकुंड्यांसह. नियम पाळायचा म्हणून आम्हाला बोलावं लागलं. पाऊस, सोयाबीनचा भाव, त्याची साखर, माझे गुडघे. दहाव्या किलोमीटरपर्यंत सगळे सोपे विषय संपले.

"तू त्या दिवशी पहिल्याच फेरीत फार जोरात निघालास," तो म्हणाला. "मला दिसत होतं. हाक मारली नाही."

मी काही बोललो नाही. सोळाव्या किलोमीटरला माझे पाय जड झाले. त्याने न विचारता वेग कमी केला.

घड्याळात २ तास २४ मिनिटं झाली होती. एकटा असता तर तो दोन तासांच्या आत आला असता.