अठरा मिनिटांची चांदी

बंगळूरच्या यशवंतपुरात १८९१ साली १६३ रोमन चांदीची नाणी सापडली. १९६५ साली एचएएल विमानतळाजवळच्या येमलूरला आणखी २५६. एकूण ४१९ देनारियस. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात एका नाण्याचं वजन चार ग्रॅमला थोडंसं कमी आणि चांदी जवळजवळ निखळ, म्हणजे सगळा ऐवज दीड किलोच्या जरा वर. रोमन शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. त्याचा दोन वर्षांचा पगारही यातून भागला नसता.

आता रोमन लेखक प्लिनीचा आकडा घ्या. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असं त्यानं पहिल्या शतकात लिहिलं. ही रक्कम अतिशयोक्त असेल, तिच्यात सोनंही असेल. पण सगळी चांदीत मोजली तर होतात सव्वा कोटी देनारियस. सुमारे ४८ टन चांदी! साडेपंचावन्न हजार शिपायांचा वर्षाचा पगार. या ओघात बंगळूरची ४१९ नाणी अठरा मिनिटांचीसुद्धा भरत नाहीत.

आणि या ओघातून चेहरे येत होते. दक्षिण भारतातल्या साठ्यांत वारंवार भेटणाऱ्या एका नाण्यावर पुढे ऑगस्टस, 'देवपुत्र' आणि 'राष्ट्रपिता' या बिरुदांसह. मागे ढाली-भाले घेतलेले त्याचे नातू, गायस आणि लुसियस. हे नाणं पाडलं गेलं आजच्या फ्रान्समधल्या ल्योंला, बंगळूरपासून सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटरवर. वारस कोण, हे साऱ्या साम्राज्याला कळावं म्हणून ही मुलं तिथे उभी केली होती. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस इ.स. ४ मध्ये.

दख्खनात त्या वारसाहक्काचं कुणाला काय? मला वाटतं, इथे मान होता तो चांदीला. सम्राट नीरोनं इ.स. ६४ मध्ये नाण्याचं वजन आणि कस दोन्ही उतरवले. त्यानंतरची देनारियस भारतात फारच थोडी सापडतात.

चेहरा इथल्याच सत्ताधीशाचा असला की मात्र गोष्ट वेगळी. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ती वितळवून नवी पाडता आली असती. त्यानं नहपानाच्या मुद्रेवरच घाव घातला, नऊ हजारांहून अधिक वेळा.