नातवंडांचा जलतरण संघ निवडताना

जलतरण तलावाच्या काठावरील बाकांवर हल्ली आई-वडिलांपेक्षा आजी-आजोबाच अधिक दिसतात. पोहण्याचा वर्ग संपतो, प्रशिक्षक म्हणतात, ‘हात चांगला आहे, संघात घाला’, आणि घरात आनंद पसरतो. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, याची आठवण निघते. स्वप्न रास्तच आहे. मात्र होकार देण्यापूर्वी आठवड्याच्या तासांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

सुट्टीतील वर्ग काही आठवड्यांत संपतो. संघाचा सराव वर्षभर चालतो. आरंभी आठवड्यातून तीन-चार दिवस, पुढे सहा दिवस आणि काही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ. क्रीडावैद्यकात एक सोपा ठोकताळा मानला जातो : मुलाचे वय जितके वर्षांचे, त्याहून अधिक तास आठवड्याला संघटित सराव नसावा आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. दहा वर्षांच्या मुलाने रोज दीड तास, पाच दिवस सराव केला, तर साडेसात तास होतात. हे त्याला झेपण्याजोगे आहे. तोच सराव दोन वेळा, सहा दिवस केल्यास अठरा तास होतात. एवढा भार त्या वयाला पेलणारा नाही.

दुसरा हिशेब झोपेचा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. साडेपाचच्या सरावासाठी पावणेपाचला उठायचे, तर दहा वर्षांच्या मुलाने रात्री पावणेआठपर्यंत झोपी गेले पाहिजे. ज्या घरात नऊ वाजता पाने वाढली जातात, तेथे हे कसे साधणार? अशा घराने संध्याकाळची बॅच किंवा कमी दिवसांचा संघ निवडणे श्रेयस्कर.

प्रशिक्षकांना संकोच न बाळगता काही प्रश्न विचारावेत. आठवड्यातील किती दिवस हजेरी सक्तीची आहे? परीक्षेच्या वा आजारपणाच्या काळात सवलत मिळते का? एका प्रशिक्षकाकडे किती मुले असतात? जीवरक्षक सतत हजर असतो का? पालकांना काठावरून सराव पाहता येतो का? पाण्याचा उग्र दर्प म्हणजे स्वच्छता, असा समज आहे. वास्तविक क्लोरीनचा घाम व लघवीशी संयोग झाल्याने तो दर्प येतो आणि दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. दमा असला म्हणून पोहणे वर्ज्य नाही. मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि इनहेलर सोबत ठेवावा.

सराव सुरू झाल्यावर मुलाकडे लक्ष असू द्यावे. खांदा वारंवार दुखणे, भूक मंदावणे, चिडचिड, वर्गात पेंगणे, भरपूर सराव करूनही वेग घटणे, तलावावर जाण्याची टाळाटाळ ही अतिश्रमाची लक्षणे असू शकतात. मुलीची पाळी सुरू होऊन नंतर थांबली, तर तपासणी लांबवू नये. खांदेदुखीवर गोळी देऊन मुलाला पुन्हा पाण्यात उतरवणे अयोग्य आहे.

आता थोडे आजी-आजोबांविषयी. सकाळी दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी काहींचा चहा-नाश्ता नातवंडाच्या सरावामुळे हुकलेला असतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी बसल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. ओल्या फरशीवर न घसरणारी पादत्राणे वापरावीत. मोतीबिंदूमुळे समोरचे दिवे डोळ्यांवर चकाकत असतील, तर अंधारात दुचाकी चालवू नये. आपल्याला आठवड्यातून दोनच दिवस जमणार असेल, तर सून-मुलाला किंवा लेक-जावयाला ते आधीच स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा मानू नये.

निर्णयापूर्वी एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहावेत. त्यात शाळा, प्रवास, सराव, अभ्यास, जेवण, झोप आणि ने-आण करणाऱ्याचे नाव भरावे. मोकळे खेळायला थोडा वेळ उरला, तर तो संघ घरास मानवेल. न उरल्यास कमी दिवसांचा संघ शोधावा. एक महिना सराव करून मग वर्षाचे शुल्क भरता येईल का, हेही विचारावे. त्या महिन्याच्या अखेरीस सर्वांत आधी नातवंडाला विचारावे, ‘तुला आवडतंय ना?’ आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.