ट्रायएथिल अमाइन : बाटलीतला द्रव आणि बाहेरची वाफ

ट्रायएथिल अमाइन हा पाण्यासारखा पातळ, रंगहीन द्रव सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत हमखास आढळतो. अमोनियाच्या रेणूतील तिन्ही हायड्रोजनांच्या जागी एकेक एथिल गट बसवला की हे संयुग तयार होते. प्रयोगशाळेतील बोलीत त्याला ‘टीईए’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या ट्रायएथेनॉल अमाइनलाही लोक ‘टीईए’च म्हणतात. तो द्रव मधासारखा घट्ट असतो, त्याची वाफ नाममात्र होते आणि तो सहजासहजी पेटत नाही. ट्रायएथिल अमाइनचे वागणे याच्या नेमके उलट आहे. त्यामुळे बाटलीवर आद्याक्षरे लिहून भागत नाही, पूर्ण नाव लिहावे लागते.

या द्रवाला एवढी मागणी आहे ती त्याच्या आम्लारीपणामुळे. औषधे, रंग, कीडनाशके बनवताना कित्येक अभिक्रियांमध्ये हायड्रोजन क्लोराइड हे आम्ल बाहेर पडते आणि त्याला तिथल्या तिथे पकडणारा कोणीतरी लागतो. ट्रायएथिल अमाइन ते पकडते. चंबूत पांढरा साका बसू लागला की काम सुरू झाल्याचे कळते. औद्योगिक प्रमाणावर हे रसायन अल्कोहोल आणि अमोनिया यांपासून बनते. सोलापूरजवळ तामलवाडीला आणि पुणे जिल्ह्यात कुरकुंभला एथिल अमाइन्सचे कारखाने आहेत. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल निघते हे लक्षात घेतले, तर या रसायनाचे मूळ उसाच्या फडापर्यंत नेता येते.

बूच उघडताच येणारा वास मासळी बाजाराची आठवण करून देतो. हे साम्य वरवरचे नाही. शिळ्या मासळीचा वास ज्या ट्रायमिथिल अमाइनमुळे येतो, ते याचेच धाकटे भावंड. मासळीला कोकम किंवा लिंबू लावल्यावर वास बसतो, कारण आम्लाशी संयोग होऊन अमाइनचा क्षार बनतो आणि क्षार उडून जात नाही. सांडलेले टिपून घेतल्यावर टेबलाला उरलेला वास सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणाने पुसला की जातो, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे. मात्र वास हा भरवशाचा पहारेकरी नाही. हवेत अगदी अल्प प्रमाण असले तरी नाकाला तो कळतो, हे खरे. पण थोडा वेळ त्यातच काम केले की नाक सरावते आणि वास ‘गेला’ असे वाटू लागते. वाफ मात्र तिथेच असते.

या रसायनाची खरी भानगड वाफेत आहे. ते सुमारे ८९ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पाण्याच्या थोडे आधी. एवढ्यावरून ते सौम्य असावे असे कुणालाही वाटेल. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याजोगी वाफ जमते ते तापमान, शून्याखाली साधारण ७ अंश आहे. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही वाफ पेटू शकेल आणि नागपूरच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. हवेत वाफेचे प्रमाण सुमारे १.२ टक्के झाले की मिश्रण पेटण्याजोगे होते आणि सुमारे ८ टक्क्यांपर्यंत ते तसेच राहते.

आता अर्धी रिकामी बाटली घ्या. २० अंश तापमानाला द्रवावरच्या बंद हवेत वाफेचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, म्हणजे बरोबर त्या पेटत्या पट्ट्यात. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आतली हवा सहसा पेट घेत नाही. इथे ती सवलत नाही. बाटलीतली मोकळी जागा हेच एक तयार स्फोटक मिश्रण असते.

सांडलवंडीचा हिशेब आणखी बोलका आहे. १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला द्रव सांडून सगळा उडाला, तर सुमारे १७ लिटर वाफ होते. ती हवेत मिसळली तर जवळजवळ १४०० लिटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. कामाच्या टेबलाखालची जागा भरायला एवढे पुरेसे आहे. आणि वाफ जाते ती टेबलाखालीच, कारण ती हवेच्या साडेतीन पट जड असते. वर न जाता ती जमिनीलगत, मोरीच्या दिशेने सरपटते आणि चार टेबले पलीकडच्या बर्नरपर्यंत पोहोचली तर ज्वाळा त्याच वाटेने परत बाटलीपर्यंत येते. ठिणगी लागतेच असेही नाही. या वाफेला आपोआप पेट घ्यायला अडीचशे अंशांच्या आतबाहेरचे तापमान पुरते आणि हॉट प्लेटचा पृष्ठभाग ३०० अंशांवर सहज जातो. घरगुती फ्रीजमध्ये ही बाटली ठेवणे हा तर सरळ अडाणीपणा आहे. बंद पेटीत वाफ साठते आणि आत थर्मोस्टॅट व दिव्याचे बटण ठिणगी द्यायला हजर असतात.

पाण्याशी या द्रवाचे नाते मोठे विचित्र आहे. साधारण १९ अंशांच्या खाली दोन्ही एकजीव होतात, त्यावर तापले की वेगळे होऊ लागतात. बहुतेक पदार्थ तापवल्यावर जास्त विरघळतात, हा उलटा चालतो. पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी नितळ दिसणारे मिश्रण दुपारी गढूळ होऊन दोन थरांत फुटू शकते. आग विझवणाऱ्याच्या दृष्टीने ही निव्वळ गंमत नाही. पेटलेल्या ट्रायएथिल अमाइनवर पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर पाण्यापेक्षा हलका असलेला हा द्रव वर तरंगत, जळत जळत पसरतो. त्यासाठी कोरडी रासायनिक पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोलला टिकणारा फेस वापरतात. पाणी कामी येते ते शेजारची भांडी आणि पिंपे थंड ठेवायला. धुरात नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे असतात, म्हणून छोट्या आगीपलीकडे प्रकरण गेले की अग्निशमन दलाला बोलावून खोली रिकामी करणेच शहाणपणाचे.

शेजार कुणाचा, हाही प्रश्न असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली जवळ उघडली की दोन्ही वाफांचा संयोग होऊन हवेत पांढरा धूर दिसतो. जुन्या कपाटात बाटल्यांच्या मानेवर मिठासारखी पांढरी पूड साचलेली असते, ती बहुधा अशाच शेजाराची खूण. नायट्रिक आम्लाचा शेजार मात्र धुरावर थांबत नाही. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी पहिली चाचणी झालेल्या ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राच्या इंधनात झायलिडीनच्या जोडीला ट्रायएथिल अमाइनच आहे. त्याची गाठ धूमायमान नायट्रिक आम्लाशी पडताच ते ठिणगीवाचून पेट घेते आणि क्षेपणास्त्र उडते. जे इंजिनाच्या पोटात हवे असते, ते प्रयोगशाळेच्या फळीवर होऊ नये म्हणून आम्ले आणि ऑक्सिडीकारके एका कपाटात, अमाइन्स दुसऱ्या कपाटात ठेवतात. ‘जागा नाही’ ही सबब इथे चालत नाही. तांबे आणि पितळ यांनाही हा द्रव खातो, तेव्हा नळ्या आणि तोट्या त्या धातूंच्या नसाव्यात.

शरीरावरचे परिणाम दोन तऱ्हांचे आहेत. द्रव अंगावर पडला तर तो तीव्र आम्लारीसारखा वागतो : कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. दुसरा परिणाम वाफेचा, आणि तो फसवा. वाफेत काही तास काम केल्यावर बुबुळाच्या पडद्याला सूक्ष्म सूज येते. दुखत नाही, पण समोर निळसर धुके पसरल्यासारखे दिसते आणि दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. स्वीडनमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे तपासले. पॉलियुरेथेन फोमच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांतील कामगारांत ही तक्रार आढळली होती. ओतकामात ‘कोल्ड बॉक्स’ पद्धतीने वाळूचे गाभे घट्ट करायला अशाच अमाइनची वाफ त्यातून सोडतात, तेव्हा कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात जिथे ही पद्धत चालते, तिथे हे लक्षण माहीत असायला हवे. दृष्टी सहसा काही तासांत निवळते. पण पाळी सुटल्यावर कामगार दुचाकीवर घरी निघतो आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्याला धुक्यात विरघळलेले दिसतात. धोका त्या रस्त्यावर असतो.

अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा दहा लाख भागांत अर्धा भाग इतकी कडक सुचवली आहे. एक मिलिलिटर द्रव उडाला तर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच खोली त्या मर्यादेपर्यंत भरते. म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटातच, करावे लागते, खिडकी उघडून आणि पंखा लावून नाही.

हाताळणीचे नियम यातूनच निघतात. लागेल तेवढेच ओतून घ्यावे, बूच लगेच लावावे, जवळपास ज्योत किंवा हॉट प्लेट नसावी. तापवायचे असेल तर पाण्याच्या किंवा तेलाच्या कुंडात. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवा, नुसता चष्मा नव्हे. पातळ नायट्राइलचे हातमोजे शिंतोड्यांपुरते असतात. थेंब पडला की ते काढून टाकायचे, काम संपेपर्यंत घालून बसायचे नाही. मोठ्या पिंपातून काढताना पिंप आणि घेण्याचे भांडे तारेने जोडून अर्थिंग करतात, कारण वाहत्या द्रवाने साठणारी स्थिर वीज ठिणगी द्यायला पुरते.

सांडलेच, तर आधी ज्योती विझवायच्या आणि माणसे बाजूला करायची, मग कोरडी वाळू टाकून टिपायचे. लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच जळतो. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे धुवायचे आणि मगच डॉक्टरकडे. लिंबू किंवा व्हिनेगर डोळ्यात घालून ‘उतारा’ करायला जाऊ नये. टेबलाला जो न्याय, तो डोळ्याला नाही. पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण घसा दुसऱ्यांदा भाजतो. उरलेले रसायन मोरीत न ओतता, आम्लांपासून वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्यायचे असते.

राहता राहिले रिकामे पिंप. भंगारात गेलेले पिंप पाणी साठवायला किंवा गॅस कटरने कापून पत्रा करायला नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तळाशी राहिलेला पेलाभर द्रवही सबंध पिंपातल्या हवेला त्या पेटत्या पट्ट्यात नेऊन ठेवतो. असे पिंप आतून धुऊन निर्धोक केल्याशिवाय कारखान्याच्या किंवा कॉलेजच्या फाटकाबाहेर सोडू नये, आणि धुतलेल्या पिंपातही पिण्याचे पाणी भरू नये.